कास्टिंगच्या आत परत परत भोकं पडतायत आणि बोअर करेपर्यंत कळतच नाही

समस्या अशी. छोटा लेथ स्वतःच बनवायचा म्हणून आधी भट्टी केली, मग वाळू मळली, लाकडाचा पॅटर्न (भागाच्या आकाराचा नमुना, ज्याचा वाळूत साचा उठतो) घासूनपुसून तयार केला आणि भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून हेडस्टॉक (लेथच्या फिरणाऱ्या दांड्याची बेअरिंग बसतात तो भाग) ओतला. बाहेरून बघाल तर झकास, कानस मारली की चकाकतंय. आणि मग बेअरिंगची जागा बोअर करायला, म्हणजे आतून कोरून गोल करायला घेतली, दोन मिलिमीटर आत गेलो आणि चाळणी! टाचणीच्या टोकाएवढी भोकं, सगळीकडे. बरं एकदा झालं असतं तर म्हटलं असतं नवशिक्या आहे, होतं असं. पण सात वेळा ओतलं आणि सातातल्या सहांत कुठलं ना कुठलं भोक निघालंच.

"कुठलं ना कुठलं" असं मुद्दाम म्हणतोय कारण सगळा घोळ तिथेच होता. मी सगळ्या भोकांना एकच आजार समजत होतो. एक उपाय करायचो, परत भोकं दिसायची, मग वाटायचं उपाय चुकला आणि तो सोडून देऊन भलतंच काहीतरी करायचो. प्रत्यक्षात पहिला आजार बरा झालेला असायचा आणि दिसत असायचा तो दुसरा. हे कळायला मला पाच कास्टिंगं आणि ढीगभर गॅस लागला, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

आधी भोक बघायला शिका, मग भट्टीला हात लावा. खराब झालेलं कास्टिंग लगेच परत मुशीत (मेटल वितळवायच्या भांड्यात) टाकू नका, मी पहिली दोन टाकली आणि पुरावाच वितळवून बसलो. हॅकसॉने जाड भागातून आडवं कापा, कानसेने सपाट करा, मग ओला पॉलिश पेपर, आधी १२० मग ४०० मग ८००, आणि भिंगातून बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून पण चालतं, उजेड मात्र तिरका हवा. कापताना अ‍ॅल्युमिनियम चिकट असतं, कीस भोकात चोंदतो आणि भोकं बुजल्यासारखी दिसतात, त्यामुळे पेपर मारायचा आळस नको.

मग चार प्रकार दिसतात. बारीक, गोल, आतून गुळगुळीत, कापलेल्या पृष्ठभागावर सगळीकडे विखुरलेली आणि जाड भागात जास्त, पातळ भागात कमी, हा हायड्रोजन. एखाददुसरं मोठं भोक, वाटाण्याएवढं किंवा त्याहून मोठं, गुळगुळीतच पण साच्याच्या वरच्या बाजूला किंवा कोअरला (भागात भोक राहावं म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) चिकटून, कातडीच्या जरा खाली, ही वाळूतली नाहीतर कोअरमधली वाफ. वेडीवाकडी, खरबरीत, आतून कोरल्यासारखी पोकळी, नेमकी सगळ्यात जाड जागी किंवा दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, हे आक्रसणं. आणि चौथं म्हणजे भोक नाहीच, काळपट रेघ किंवा घडी पडल्यासारखी चीर, कधी त्यात वाळूचा कण, ही ओतताना आत ओढली गेलेली ऑक्साइडची साय. दुधावर साय धरते ना तसंच अ‍ॅल्युमिनियमवर धरते, फक्त ही साय परत विरघळत नाही, घडी होऊन आत गेली की कायमची फट.

एकाच कास्टिंगमध्ये दोन-तीन प्रकार एकत्र असतात हे पण लक्षात ठेवा. माझ्या तिसऱ्यात आक्रसणं सोडून बाकी तिन्ही होते, म्हणजे शिकायला एकदम उत्तम नमुना, फक्त तेव्हा मला ते कळलं नाही.

आता क्रमाने सांगतो.

पहिलं कास्टिंग. बारीक भोकं. मला वाटलं मेटल थंड होतं, नीट वाहिलं नाही, म्हणून दुसऱ्या वेळी भट्टी पेटवून मूस लालभडक होईपर्यंत तापवली आणि वर अजून वीस मिनिटं "नीट वितळू दे" म्हणून तसंच ठेवलं. दुसऱ्यात भोकं दुप्पट! हा हायड्रोजनचा धडा, आणि नव्याने शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण हीच चूक करतो असं माझं मत झालंय, कारण "अजून गरम कर" हे पटकन सुचतं.

आतलं गणित असं आहे. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, त्या तापमानाला १०० ग्रॅम द्रवात सुमारे ०.७ मिलिलिटर हायड्रोजन मावतो आणि तेच थिजलं की जेमतेम ०.०४ च्या आसपास. म्हणजे थिजताना जवळजवळ सगळाच गॅस बाहेर पडायला बघतो आणि बाहेरची कातडी आधीच घट्ट झालेली असते, जायचं कुठे? तिथेच बुडबुडा होऊन बसतो. आणि द्रव जितका गरम तितकी त्याची भूक मोठी, ७५० अंशाला ६६० च्या दीडपटीहून जास्त हायड्रोजन मावतो. म्हणजे मी दुसऱ्या वेळी जास्त गरम करून आणि जास्त वेळ ठेवून त्याला पोटभर जेवायला घातलं होतं.

हा हायड्रोजन येतो कुठून तर पाण्यातून. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं, उरलेला हायड्रोजन मेटलमध्ये शिरतो. आणि वाफ तर सगळीकडे आहे. गॅसची भट्टी असेल तर १ किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्या ज्वाळेतूनच बाहेर पडतं. मी काय करत होतो तर मूस उघडी, बर्नर थोडा तिरपा, ज्वाळा सरळ मेटलवर. म्हणजे दर वेळी मेटलला वाफारा देत होतो, सर्दी झाल्यासारखा.

याच्यावर काय केलं ते सांगतो. एक, थर्मोकपल (तापमान मोजायची सळई) आणला, के टाइप, आवरणवाला. रंगावरून अंदाज बंद. उजेडात अ‍ॅल्युमिनियम चांदीसारखंच दिसतं, ६८० ला पण आणि ७६० ला पण, आणि मुशीचा लाल रंग बघून ठरवाल तर हमखास जास्त तापवाल. आता मी ७२० च्या आसपास मूस बाहेर काढतो, पातळ भिंतीचा भाग असेल तर ७४०. दोन, बर्नर अशा कोनात फिरवला की ज्वाळा मुशीभोवती गोल फिरेल, तोंडावर जाणार नाही, आणि मुशीवर सैल झाकण ठेवलं. हवा थोडी जास्त सोडली, पिवळी लांब जीभ बाहेर येत असेल तर गॅस जास्त होतोय. तीन, घाई. वितळलं, तापमान आलं, मळी काढली, ओतलं. साचा आधी तयार हवा. मी आधी मेटल वितळवायचो आणि मग वाळू ठोकायला बसायचो, तासभर मेटल भट्टीत उकळतंय, काय बोलणार. चार, ढवळणं बंद. वरची साय तशीच राहू द्यायची, ती झाकणाचं काम करते, ओतायच्या आधी एकदाच हलक्या हाताने बाजूला करायची.

आणि पाचवं, भंगार. याच्यावर वेगळं बोलायला पाहिजे. कोल्ड्रिंकचे कॅन वितळवू नका, रंग आणि मळीच जास्त हातात येते, मेटल कमी. खिडक्यांच्या पट्ट्या वितळतात छान पण त्यात सिलिकॉन कमी असतं, साच्यात नीट वाहत नाही आणि थिजताना चिरते. जे मुळात ओतूनच बनलेलं आहे तेच परत ओतायला चांगलं, म्हणजे अ‍ॅलॉय व्हील, जुने पिस्टन, गिअरबॉक्सची आवरणं. व्हीलमध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन असतं, पिस्टनमध्ये बहुतेक वेळा १२ च्या आसपास. हे सगळं फोडून, तेल-ग्रीस काढून, भट्टीच्या तोंडाशी ठेवून नीट तापवून मगच आत. पांढरी भुकटी धरलेला तुकडा म्हणजे ओलावा धरलेला तुकडा, ती तारेच्या ब्रशने घासून काढा. आणि हलका संशयास्पद तुकडा असेल तर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा, फसफसला तर मॅग्नेशियम असण्याची शक्यता, तो भट्टीत नाही जाणार म्हणजे नाही.

डीगॅसिंगबद्दल, म्हणजे मेटलमधला गॅस काढून टाकण्याबद्दल विचारणार हे माहिती आहे. पोहायच्या तलावातलं क्लोरिन किंवा तसल्या गोळ्या मुशीत टाकायचे उद्योग लोक करतात, मी केले नाहीत आणि करणार नाही, त्यातून निघणारा धूर फुप्फुसाला भारी पडतो आणि घराच्या मागच्या शेडमध्ये तो ओढून घ्यायची सोय कोणाकडे आहे? वेल्डिंगचा आर्गॉन असेल तर कोरड्या, तापवलेल्या ग्राफाइटच्या नळीतून तळाशी सावकाश बुडबुडे सोडा, ही पद्धत कारखान्यात पण वापरतात. माझ्याकडे आर्गॉन नाही. मुळात गॅस आत जाऊ न देण्यावरच माझं नव्वद टक्के काम झालं.

मेटलमध्ये गॅस आहे का हे ओतायच्या आधी कळायला एक सोपी युक्ती. विटेच्या तुकड्यात वाटीएवढा खड्डा कोरायचा, वीट चांगली तापवून घ्यायची, त्यात पळीभर मेटल ओतायचं आणि बघत बसायचं. वीट गरम असल्यामुळे हळूहळू थिजतं. वरचा भाग मध्ये खोलगट बसला तर चांगलं, मेटल आक्रसतंय आणि गॅस कमी आहे. वरचा भाग सपाट राहिला किंवा फुगला, थिजता थिजता बारीक फोड आले, तर गॅस भरपूर आहे आणि ते साच्यात ओतण्यात अर्थ नाही. असं झालं तर भट्टी बंद करायची, मेटल मऊ चिखलासारखं होईपर्यंत सावकाश थंड होऊ द्यायचं आणि परत पटकन तापवून ओतायचं, बराच गॅस त्यात निघून जातो.

अजून नेमकं हवं असेल तर वजन. डिजिटल काटा, ०.१ ग्रॅमवाला. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, मग तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढं त्याचं घनफळ मिलिलिटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा. सिलिकॉनवालं अ‍ॅल्युमिनियम भरीव असेल तर २.६५ ते २.७० च्या मध्ये येतं. २०० ग्रॅमचा भरीव तुकडा असेल तर काटा साधारण ७४.६ दाखवतो, आणि त्यात २ टक्के भोकं असतील तर ७६.१ च्या आसपास. दीड ग्रॅमचा फरक, घरच्या काट्यावर आरामात दिसतो. फक्त कापलेल्या बाजूची उघडी भोकं पाण्याने भरतात आणि आकडा फसवतो, म्हणून न कापलेला तुकडा घ्या, स्प्रूचा (साच्यात मेटल ओतायची उभी वाट) बुंधा चालतो. माझ्या दुसऱ्या कास्टिंगच्या बुंध्याचं २.५५ आलं होतं. बघून गप्प बसलो.

तिसरं आणि चौथं वाळूच्या नादात गेलं. तिसऱ्या वेळी कुठेतरी ऐकलं होतं की ओलाव्यामुळे भोकं पडतात (बरोबरच आहे ते), म्हणून वाळू इतकी कोरडी केली की पॅटर्न काढताना कडा ढासळल्या, कण आत पडले आणि कास्टिंगमध्ये वाळूच वाळू. साच्याच्या या वाळूला ग्रीन सँड म्हणतात, ती हिरवी नसते, ग्रीन म्हणजे कच्ची, न भाजलेली, ओलसर. बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी चिकणमाती) ८-१० टक्के आणि पाणी ३-४ टक्के, एवढं लागतंच. मुठीत दाबून बघायची, बोटांचे ठसे स्पष्ट उठले पाहिजेत, गोळा मधून मोडला तर कड स्वच्छ मोडली पाहिजे आणि हाताला चिखल लागता कामा नये. बस, याच्यापेक्षा शास्त्र मी करत नाही.

चौथ्या वेळी वाळू नीट केली पण ठोकली इतकी जोरात की दगड झाला. वाफेला वाळूतून निघायला वाट नाही, मग ती मेटलमधून निघते. वरच्या बाजूला वाटाण्याएवढी तीन भोकं. उपाय साधा, सायकलच्या स्पोकने साच्याच्या वरच्या पेटीत पंधरा-वीस छिद्रं पाडली, पॅटर्नपासून बोटभर अंतर ठेवून, आणि पॅटर्नजवळची वाळू चाळून घेऊन हलकी ठोकली, वरची मात्र घट्ट. मोठी भोकं गेली ती गेलीच.

याच वेळी ओतायची पद्धत पण सुधारली, ते थोडक्यात. मेटल किती वेगाने पडतं याला महत्त्व आहे, सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर वेग गेला की पृष्ठभाग फाटतो आणि साय आत ओढली जाते असं म्हणतात, आणि गंमत म्हणजे हा वेग मिळायला फक्त १३ मिलिमीटर उंचीवरून पडणं पुरतं. म्हणजे कसंही ओतलं तरी स्प्रूमध्ये वेग जास्तच होणार. मग करायचं काय तर स्प्रू वर रुंद खाली निमुळता, पहिल्या क्षणापासून भरलेला ठेवायचा, धार तुटू द्यायची नाही, आणि मेटल भागात खालून शिरेल असा रनर, म्हणजे आडवी वाट द्यायची, तिथे ते शांत होतं. मुशीचं तोंड स्प्रूला जवळजवळ टेकवून ओता. मी आधी वरून धार सोडायचो, चहा गाळल्यासारखी, दिसायला छान.

पाचवं कास्टिंग. इथे मी खरा फसलो. तापमान ७२०, झाकण, घाई, वाळू बरोबर, वाफेच्या वाटा केलेल्या, विटेवरच्या चाचणीत मस्त खड्डा पडला. कापून बघितलं तर बारीक भोकं जवळजवळ गायब. आणि बेअरिंगच्या बॉसमध्ये, म्हणजे बेअरिंग बसतं त्या जाड गोल भागात, मधोमध एक ओबडधोबड पोकळी, अंगठा जाईल एवढी! आधीच्या चार कास्टिंगमध्ये ही पोकळी नव्हती. मी वैतागून म्हटलं हे कमी तापमानाचंच खूळ आहे, परत गरम करून ओततो. ओतणारच होतो.

नशीब आधी कागदावर विचार केला. अ‍ॅल्युमिनियम थिजताना आक्रसतं, मिश्रणाप्रमाणे साधारण ४ ते ७ टक्के घनफळ कमी होतं. ते कमी झालेलं कुठूनतरी भरून निघालं पाहिजे. आधीच्या कास्टिंगमध्ये गॅस भरपूर होता, तो बारीक बुडबुड्यांनी फुगून ही तूट सगळीकडे थोडी थोडी वाटून भरत होता. गॅस गेला आणि तूट एका जागी उघडी पडली, जिथे सगळ्यात शेवटी थिजतं तिथे. म्हणजे पोकळी दिसणं हे गॅसचा उपाय लागू पडल्याचं लक्षण होतं आणि मी तोच उपाय मागे घ्यायला निघालो होतो. याच्यासाठीच तर हे सगळं लिहायला बसलो.

तूट भरायला रायझर असतो, म्हणजे भागाला जोडलेला मेटलचा जादा साठा, आणि रायझर मी दिला होता की, २५ मिलिमीटर व्यासाचा, ५० उंच, कुठल्यातरी फोटोत बघून. पण रायझरने भागानंतर थिजायला पाहिजे, आधी नाही. त्याचा हिशोब सोपा आहे, घनफळ भागिले पृष्ठफळ. थिजायला लागणारा वेळ त्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा ख्वोरिनोवचा नियम, १९४० चा. माझा बॉस ६० व्यास ६० लांब भरीव, त्याचा आकडा १० येतो. २५ च्या रायझरचा ५. निम्मा, म्हणजे वेळ पाव. बॉसमधलं मेटल अजून द्रव असतानाच माझा रायझर थिजून बसला होता आणि द्यायचं सोडून शोभेला उभा होता.

आकडा भागाच्या १.२ पट तरी हवा, म्हणजे इथे १२. व्यास आणि उंची सारखी असलेल्या रायझरचा आकडा व्यासाच्या सहाव्या भागाएवढा, म्हणून व्यास ७२, मी ७५ धरला. त्याचं वजन पाऊण किलोच्या वर, बॉसच्या जवळजवळ दुप्पट! माझी मूस एवढी मोठी नाही. मग दुसरा मार्ग, बॉस भरीव ओतायचाच कशाला, मधून भोकच हवंय ना, तर ३५ चा कोअर टाकायचा. भिंत साडेबारा मिलिमीटर उरते, ती लवकर थिजते, आणि मग ५० चा रायझर पुरतो, वजन पाव किलो. मान मात्र जाड ठेवा, रायझर आणि भाग यांच्यामधली, ती आधी थिजली तर वरचा एवढा मोठा रायझर पण फुकट. ओतून झाल्यावर रायझरच्या डोक्यावर कोरडं पर्लाइट (उष्णता धरून ठेवणारे हलके दाणे) टाकायचं, तेवढाच जास्त वेळ गरम राहतो.

सहावं कास्टिंग, कोअरसकट. पोकळी गेली, रायझरच्या पोटात जाऊन बसली, कापल्यावर इतका आनंद झाला. पण बोअरच्या आतल्या बाजूला दोन मोठी गुळगुळीत भोकं. आता मात्र घाबरलो नाही, गुळगुळीत, मोठं, कोअरला चिकटून, म्हणजे कोअरचा गॅस. कोअर वाळू आणि जवसाच्या तेलाचा केला होता, ओव्हनमध्ये २०० अंशाला भाजला होता, बाहेरून खमंग तपकिरी. मोडून बघितला तर आत पिवळा आणि कच्चा, तेलाचा वास येतोय. केकसारखंच, बाहेरून झाला म्हणजे आतून झाला असं नाही. पुढचा कोअर दुप्पट वेळ भाजला, मधून तार घालून आरपार वाट ठेवली आणि ती वाट साच्याच्या बाहेर उघडी राहील असं बघितलं.

सातवं चांगलं निघालं. पण समस्या परत येते म्हटलं ना, तर टेलस्टॉक (लेथच्या दुसऱ्या टोकाचा भाग) ओतताना बारीक भोकं परत हजर, तीच भट्टी, तेच तापमान. यावेळी सरळ विटेची चाचणी केली, फुगलेलं. दोन दिवस शोधल्यावर सापडलं की भंगार मधल्या काळात बाहेर पडून होतं, दमट हवेत पांढरं झालेलं, आणि मी गडबडीत न तापवता टाकलं होतं. शिवाय मळी काढायची पळी लोखंडी, गंजलेली, आणि गंजात पाणी धरलेलं असतं. आता पळी, सळ्या, पक्कड सगळं भट्टीच्या झाकणावर आधी तापवतो. वाळू पण जुनी झाली की बघा, मेटलला लागलेला थर भाजून त्यातलं बेंटोनाइट मरतं, मग ती पकड धरत नाही म्हणून आपण नकळत पाणी वाढवत जातो आणि वाफेची भोकं परत येतात. पाणी वाढवायच्या ऐवजी काळी झालेली वाळू काढून टाका आणि ताजं बेंटोनाइट मिसळा.

ओलाव्याचं एवढं बोललो तर हे पण ऐका. भोकं हा ओलाव्याचा सगळ्यात छोटा त्रास आहे. वितळलेल्या मेटलच्या खाली पाण्याचा एक थेंब अडकला तर त्याची वाफ एका झटक्यात हजार पटीहून जास्त फुगते आणि मेटल अंगावर उडतं. म्हणून ओला किंवा थंड तुकडा भरलेल्या मुशीत कधीच नाही. ओतायचं ते कोरड्या वाळूच्या थरावर उभं राहून, नुसत्या काँक्रीटवर नाही, त्यात पाणी असतं आणि सांडलं की ते फुटतं. चेहऱ्यावर शील्ड, चामड्याचे बूट, पँट बुटाच्या बाहेरून खाली, आत खोचायची नाही, सुती जाड कपडे, पॉलिस्टर अजिबात नको. लोखंडी मूस वापरत असाल तर दर वेळी टोचून बघा, अ‍ॅल्युमिनियम लोखंड हळूहळू खातं आणि एक दिवस तळ जातो. माझा गेला होता, भट्टीच्या आतच गेला हे नशीब, आता ग्राफाइटची मूस आहे.

टेलस्टॉक परवा परत ओतला, भंगार तापवून. २.६६ आलं. एक भोक आहे, कोपऱ्यात, बोल्टच्या डोक्याखाली येतंय, ते तसंच ठेवलंय.